‘डाऊ’ हा शब्द कुणाचा?

कतारच्या उत्तर टोकाला अल रुवैस नावाचे बंदरगाव आहे. अरबीत ‘रास’ म्हणजे डोके, आणि त्यावरून समुद्रात शिरलेले भूशिर; ‘रुवैस’ हे त्याचे लघुरूप. दोह्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेले हे गाव पूर्वी मोत्यांवर आणि मासळीवर जगत असे. शेजारी अबू धलूफ. पश्चिमेकडे किनाऱ्याने गेले की अल जुमैल, अल अरीश ही ओस पडलेली कोळीगावे. आणि आणखी खाली झुबारा हे मोत्यांच्या व्यापाराचे जुने शहर, ज्याचे अवशेष युनेस्कोने २०१३ साली जागतिक वारसा म्हणून नोंदवले. रुवैसला २०१५ मध्ये व्यापारी बंदर सुरू झाले. पुढे ५ जून २०१७ रोजी शेजारी देशांनी कतारची नाकेबंदी केली, सौदी अरेबियाकडून येणारा एकुलता एक जमिनीवरचा रस्ता बंद झाला, आणि लाकडी गलबतांतून माल उतरवून घेणाऱ्या या लहान बंदराचे महत्त्व एकाएकी वाढले.

दोह्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत या सगळ्या लाकडी नौकांसाठी एकच शब्द असतो: डाऊ. डाऊ बंदरात आली, डाऊला आग लागली, डाऊंची शर्यत झाली. प्रवासवर्णने, पर्यटनाच्या जाहिराती, सागरी चाचेगिरीच्या बातम्या, सगळीकडे तोच. ऐकणाऱ्याला वाटते, अरबांच्या गलबताचे हे अरबी नाव असणार. ते तसे नाही. गेली दीडशे वर्षे कोशकार या शब्दाच्या मागे आहेत, आणि त्यांच्या तपासात साक्षीदार म्हणून जी भाषा पुन्हा पुन्हा उभी राहते ती मराठी आहे. मराठी वाचकांपर्यंत ही गोष्ट फारशी पोचलेली नाही, म्हणून या शब्दाचा अर्थ, वापर आणि उगम यांचा एकत्र आढावा घेणे मला अगत्याचे वाटते.

आधी ज्यांची गलबते आहेत त्यांच्याकडे जाऊ. दोह्याच्या कतारा सांस्कृतिक ग्रामात २०११ पासून दरवर्षी पारंपरिक नौकांचा उत्सव भरतो. इंग्रजी फलकावर त्याचे नाव ‘डाऊ महोत्सव’ असे असते. त्याच उत्सवाच्या अरबी नावात मात्र शब्द आहे ‘महामिल’. हे ‘महमल’ या शब्दाचे अनेकवचन. वाहून नेणे या अर्थाच्या ज्या धातूपासून तो बनला, त्याच धातूपासून आपला ‘हमाल’ आलेला आहे. एकाच उत्सवाची दोन नावे शेजारीशेजारी लिहिलेली, आणि अरबी नावात डाऊचा मागमूस नाही. यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधायची गरज नाही. पुस्तकी अरबीत ‘सफीना’ किंवा ‘मरकब’ म्हणतात. कुवेतकडे नुसते ‘खशब’, म्हणजे लाकूड, म्हटले तरी गलबत समजते.

रोजच्या बोलण्यात, विशेषतः इंजिन बसवलेल्या नौकांसाठी, ‘लंज’ हा शब्द आखातभर चालतो. इराणच्या किनाऱ्यावर त्याचे रूप ‘लेंज’. तिथले लेंज बांधण्याचे आणि हाकारण्याचे पारंपरिक कौशल्य युनेस्कोने २०११ मध्ये तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत घातले. या लंजचे मूळ बहुतेक अभ्यासक इंग्रजी ‘लाँच’मध्ये पाहतात. हा लाँच म्हणजे आपल्या ओळखीचाच. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला आणि रेवसला माणसे जातात ती लाँचनेच. इंग्रजीत तो पोर्तुगीज-स्पॅनिश ‘लांचा’वरून आला आणि त्याच्याही मागे मलाय भाषेतला वेगवान नौकेचा ‘लांचारान’ असावा, असा कोशांचा कल आहे. म्हणजे रुवैसच्या धक्क्यावर अरब माणूस आपल्या गलबताला इंग्रजांकडून आलेले नाव देतो, आणि इंग्रज त्याच गलबताला असे नाव देतो जे अरबाचे नाही. समुद्रावरचे शब्द असेच फिरतात. कुठल्या किनाऱ्यावर कोणता शब्द ऐकू येतो, यावरून तो तिथलाच असे ठरवता येत नाही.

खरे तर जाणत्या माणसाला ‘गलबत’ या सामान्यनामाची गरजच कमी पडते. तो जात सांगतो. नाळ, म्हणजे पुढचे टोक, आणि पिछाडी दोन्ही टोकदार असतील तर ‘बूम’. पिछाडी चौकोनी आणि नाळ पुढे झुकलेली असेल तर ‘संबूक’. नाळ सरळ उभी असेल तर ‘जालबूत’. नक्षीकाम केलेली, खिडक्यांची उंच पिछाडी असेल तर ‘बगला’. याशिवाय ‘बत्तील’, ‘बक्कारा’, ‘शुई’, ‘गंजा’. मोती काढायला कतार आणि बहरीनच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या नौकांत संबूक, जालबूत, बत्तील अशा जाती असत. ब्रिटिश अधिकारी जे. जी. लॉरिमर याने आखाताचा जो अवाढव्य गॅझेटियर तयार केला, त्याचा भूगोलाचा खंड १९०८ साली छापला गेला; इतिहासाच्या खंडात मोत्यांच्या धंद्याला एक आणि शिडाच्या नौकांना एक, अशी स्वतंत्र परिशिष्टे आहेत. कर गोळा करणाऱ्या, तह करणाऱ्या अधिकाऱ्याला जातीचे नाव माहीत असावे लागते. दुरून दुर्बिणीतून पाहणाऱ्याला एक शब्द पुरतो. ‘डाऊ’ हा त्या दुर्बिणीतला शब्द आहे.

इंग्रजीत मात्र तो सुरुवातीपासून इतका सैल नव्हता. यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन बोलीचा कोश १८८६ साली निघाला, आणि विल्यम क्रुकने वाढवलेली आवृत्ती १९०३ साली. त्यात या शब्दाची नोंद आहे. पश्चिम हिंदुस्थानात हा शब्द सर्रास आहे, असे ते सांगतात. आणि या किनाऱ्यावरचे इंग्रज तो विशेषकरून जुन्या अरबी घडणीच्या एका नौकेला लावतात, जिची नाळ पाण्यातून लांब तिरकी वर चढत जाते, बहुधा एकच डोलकाठी आणि तिच्यावर तिरक्या काठीला बांधलेले तिकोनी शीड. म्हणजे मुंबईतल्या इंग्रजांना ‘डाऊ’ ही एक विशिष्ट जात म्हणून ठाऊक होती. मात्र त्याच नोंदीत, पश्चिम किनाऱ्यावरचे इंग्रज डाऊ आणि ‘बगलो’ हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, असेही म्हटले आहे. सैलपणा तिथेच सुरू झाला होता. हा ‘बगलो’ म्हणजे वर आलेला बगला. त्याच्याही नोंदीत हॉब्सन-जॉब्सनने मराठी रूप पुढे ठेवले आहे, आणि त्याच्यामागे पोर्तुगीज जहाजवाचक शब्द असावा असा तर्क केला आहे. अरबीत ‘बगला’ म्हणजे खेचरी, त्यामुळे अरबांना तो आपलाच शब्द वाटतो.

लेखनाचेही तसेच. जुन्या कागदांत हा शब्द इंग्रजीत ‘ह’ न घालता लिहिलेला सापडतो, आणि हॉब्सन-जॉब्सन तेच रूप अधिक बरोबर मानतो. ‘ह’ मागाहून शिरला. पूर्वेकडचा शब्द म्हटला की एखादा ‘ह’ घालावा, या इंग्रजांच्या सवयीचा हा परिणाम दिसतो. आज मराठीत कुणी ‘धो’ लिहितो, कुणी ‘ढाऊ’, ते त्या उपऱ्या ‘ह’मुळे. उच्चार ‘डाऊ’ असाच आहे.

इंग्लंडमधल्या सामान्य वाचकापर्यंत हा शब्द पोचला तो एका फार दुःखद कारणाने. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून झांजिबार, ओमान आणि आखाताकडे विकायला नेली जात. ब्रिटिश आरमाराच्या नौका त्यांचा पाठलाग करत. त्या मोहिमांवर कॅप्टन कोलोम आणि कॅप्टन सलिव्हन यांनी लिहिलेली दोन पुस्तके १८७३ या एकाच वर्षी लंडनला निघाली. सलिव्हनच्या पुस्तकाच्या नावातच डाऊंचा पाठलाग आहे. त्या वाचकांच्या मनात डाऊ म्हणजे गुलामांचे जहाज अशी गाठ बसली, आणि ती पुढे बराच काळ सुटली नाही. धान्य, खजूर, वासे, कापड नेणारी हजारो गलबते या एका शब्दाखाली संशयित ठरली. त्याच वेळी हेही खरे की काही गलबतांच्या पोटात खरोखरच माणसे कोंबलेली असत.

या कथेचा एक धागा थेट नाशिकला येतो. पकडलेल्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला आणली जात. त्यांतली कितीतरी नाशिकजवळ शरणपूर इथे चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात वाढली. तिथे ती लिहायला-वाचायला आणि सुतारकी-लोहारकी शिकली. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६६ साली आफ्रिकेच्या शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकची मुले होती. पुढे त्याच्याकडे पाठवलेल्या मदतीच्या तुकडीत जेकब वेनराइट हा आणखी एक नाशिककर होता. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये वारला. त्याच्या सोबत्यांनी त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणला, आणि वेनराइट तो घेऊन १८७४ मध्ये इंग्लंडला पोचला. शरणपूरची बरीच माणसे नंतर मोंबासाजवळच्या फ्रेअर टाउन या वसाहतीत गेली. मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव तिला आहे. डाऊ या शब्दाचा इतिहास लिहिताना शिडाच्या आकाराइतकेच या मुलांबद्दल लिहिले पाहिजे, असे मला वाटते. इंग्रजी कोशांतल्या अवतरणांत त्यांना घेऊन जाणारे गलबत येते, ती येत नाहीत.

त्यानंतर शब्दाने कायद्यातही पाऊल टाकले. ओमानमधल्या सूर बंदराचे गलबतवाले फ्रेंच निशाण लावून फिरू लागले. त्यामुळे ब्रिटिशांना त्यांची झडती घेता येईना. वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला आणि ८ ऑगस्ट १९०५ रोजी निकाल लागला. गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या ब्रसेल्स कराराला फ्रान्सने मान्यता दिल्यानंतर, म्हणजे २ जानेवारी १८९२ नंतर, नव्याने निशाण देण्याच्या त्याच्या अधिकारावर लवादाने कडक मर्यादा घातल्या. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘मस्कतच्या डाऊ’ या नावानेच शिकवला जातो. ज्या सूरवाल्यांच्या गलबतांवरून हा खटला झाला त्यांनी स्वतः तो शब्द क्वचितच उच्चारला असेल.

विसाव्या शतकात अर्थ आणखी पसरला. इंजिने आली, शिडे उतरली, तरी नाव राहिले. आज इंग्रजीत डाऊ म्हणजे अरबी समुद्रावरची कुठलीही मोठी लाकडी नौका: कच्छच्या मांडवीत बांधलेले ‘वहाण’, केरळातल्या बेपूरची ‘उरू’, इराणी लेंज, झांजिबारची ‘जहाझी’, सगळे यात आले. भारत सरकारच्या कागदांत यांना यांत्रिक शिडाची नौका असे लांबलचक नाव आहे, पण बातमीत ते कधी येत नाही. सोमाली चाचेगिरी शिगेला होती तेव्हा पळवलेल्या डाऊंच्या बातम्या रोज यायच्या, आणि त्यांतले खलाशी कित्येकदा गुजरातच्या सलाया, जोडिया, मांडवीचे असत. दुबई-दोह्याला जेवणाच्या सहलीची नौकाही डाऊच. कतारच्या राजचिन्हावरचे शिडाचे गलबतही इंग्रजीत डाऊ म्हणूनच वर्णिले जाते. जर्मनांनी शब्द उचलला. फ्रेंचांनी नाही, ते ‘बूत्र’ म्हणतात.

आता उगमाकडे. इथे चार दावे आहेत, आणि त्यांचे वजन सारखे नाही.

अरबी दावा सर्वांत कमकुवत. रिचर्डसनच्या जुन्या फारसी-अरबी-इंग्रजी कोशाच्या जॉन्सनने वाढवलेल्या आवृत्तीत ‘दाव’ अरबी म्हणून दिलेला आहे खरा. पण हॉब्सन-जॉब्सनच्या कर्त्यांनी ज्या ज्या अरबी पंडितांना विचारले त्यांपैकी एकानेही तो अस्सल अरबी शब्द मानला नाही. कुवेती बूमवर १९३८-३९ मध्ये प्रवास करणारा ऑस्ट्रेलियन दर्यावर्दी अॅलन व्हिलियर्स आणि आजच्या काळात आखाती गलबतांच्या नावांवर सर्वांत जास्त काम केलेले डायनिशियस अगियस, या दोघांच्या पुस्तकांत अरबांची नावे जातवार येतात. डाऊ हे त्यांच्यावरचे युरोपीय छत्र आहे.

फारसी दावा असा की ‘दविदन’ म्हणजे धावणे, त्यावरून ‘दव’. हॉब्सन-जॉब्सननेच तो प्रश्नचिन्हासह मांडला आहे, आणि त्यात ध्वनिसाम्यापलीकडे काही नाही. धावणारी ती नौका, असे म्हणायला कोणत्याही भाषेत जमते.

आफ्रिकेचा दावा जास्त भक्कम, कारण तिथे शब्द जिवंत आहे. स्वाहिलीत ‘दाऊ’ ही किनाऱ्यावरची लहान नौका असते, आणि लामूकडे काथ्याने फळ्या शिवून केलेल्या नौकांच्या नावांतही तो येतो. मोठ्या गलबताला ते जहाझी म्हणतात, म्हणजे आपल्या ‘जहाज’चाच भाऊबंद. ब्रिटिश आरमाराने हा शब्द झांजिबारच्या आसपास फार वापरला, हेही खरे. तरी अडचण काळाची आहे. मुंबईच्या आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर तो गुलामविरोधी मोहिमांच्या कितीतरी आधीपासून दिसतो. टिपू सुलतानाची पत्रे कर्कपॅट्रिकने भाषांतर करून १८११ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतल्या १७८५ च्या एका पत्रात मस्कतला राहणाऱ्या रतनजी आणि जीवनदास या व्यापाऱ्यांची एक ‘डाऊ’ वादळात डोलकाठी मोडून टिपूच्या ताब्यातल्या बंदराला लागल्याची हकीकत आहे. मालक हिंदू, पेढी मस्कतची, आसरा कर्नाटक किनाऱ्याचा. शब्दाचा रोजचा पत्ताच या एका पत्रात सापडतो.

चौथा धागा सर्वांत जुना आहे, आणि तो आपल्या किनाऱ्याला येऊन भिडतो. रशियातल्या त्वेर शहराचा अफानासी निकितीन हा व्यापारी १४७० च्या सुमारास होर्मुझहून निघून घोडा विकायला चौलला उतरला. तिथून तो जुन्नरला गेला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला. पुढे बिदर पाहून, बहमनी राज्यात काही वर्षे काढून, दाभोळहून तो परत होर्मुझच्या वाटेला लागला. येताना आणि जाताना तो ज्या गलबतात बसला त्याला त्याने आपल्या रशियन रोजनिशीत ‘तावा’ म्हटले आहे. दाभोळला त्याने होर्मुझपर्यंतच्या भाड्यापोटी दोन सोन्याची नाणी ठरवली, हेही लिहून ठेवले. रेवदंड्याला आज त्याचे स्मारक आहे. त्याच्या प्रवासाचे इंग्रजी भाषांतर हॅक्लुट सोसायटीने १८५७ मध्ये छापले, आणि त्यानंतर कोशकारांचे लक्ष या ‘तावा’कडे गेले. तावा आणि डाऊ एकच असतील तर शब्दाचे घर होर्मुझच्या बाजूला धरावे लागेल, असे ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे म्हणणे पडले. माझ्या मते हे अर्धेच म्हणणे झाले. निकितीनने तो शब्द होर्मुझ ते चौल आणि दाभोळ ते होर्मुझ या वाटेवर ऐकला. वाटेला दोन टोके असतात, आणि त्यांतले एक कोकणात आहे.

अर्थात ‘ता’ आणि ‘डा’ यांतले अंतर विसरून चालणार नाही. कानाला जवळचे एवढ्यावर निर्णय द्यायचा तर मराठीत ‘तारू’ आहे, त्याचे अनेकवचन ‘तारवे’ होते, आणि ‘तावा’ला ते काही फार दूर नाही. म्हणून निकितीनची साक्ष मोलाची असली तरी ती एकटी पुरत नाही.

निकितीनचे भाषांतर निघाले त्याच वर्षी, १८५७ मध्ये, मुंबईला मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. पहिली १८३१ ची. कॅप्टन मोल्सवर्थ, कँडी बंधू आणि त्यांच्यासोबतचे शास्त्री यांनी बंदरावरचे आणि शेतातले शब्दही कोशात घेतले. गलबताच्या अर्थाचा हा शब्द त्या कोशात मराठी म्हणून नोंदलेला आहे, आणि हॉब्सन-जॉब्सन व ऑक्सफर्ड दोघेही ती नोंद पुढे करतात. ऑक्सफर्डमध्ये मराठी रूप ‘डाव’ असे दिले आहे. शब्द मराठीत आहे म्हणून तो मराठीतून उगवला असे मानता येत नाही, हेही हॉब्सन-जॉब्सनने तिथेच बजावले आहे, आणि ते योग्य आहे. आपल्याकडे डाव म्हटले की पत्त्यांचा डाव आठवतो, कुस्तीतला डाव, आमटी वाढायचा डाव. नौकेचा डाव बोलण्यातून इतका पुसला गेला आहे की कोकणातल्या जाणत्या नाखव्यालाही तो परका वाटेल.

मी या पुराव्यांचे वजन असे करतो. शब्द कुठे जन्मला हे अजून विवादाचे आहे. इंग्रजीने तो कुठे उचलला याबद्दल मात्र शंका कमी आहे: मुंबई आणि पश्चिम किनारा, जिथे कंपनीचे मुंबईतले आरमार आखाताच्या मोहिमांची तयारी करत होते आणि आखातातला ब्रिटिश कारभार १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होता. तिथल्या धक्क्यावर अरब, कच्छी, कोळी, भंडारी, खारवी, कोकणी मुसलमान एकत्र काम करत. इंग्रजांच्या कानावर शब्द पडला तो या गर्दीतून, आणि त्या गर्दीची एक भाषा मराठी होती.

ही गर्दी कल्पनेतली नाही; आपल्या समुद्री बोलीत ती आजही ऐकू येते. आपला ‘सुकाणू’ अरबी ‘सुक्कान’वरून आला. ‘नांगर’ आणि ‘बंदर’ फारसीतून. ‘खलाशी’ अरबी, ‘सारंग’ फारसी. इंग्रजांनी सारंगला आपल्या जहाजांवरही त्याच नावाने ठेवून घेतले. ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी, हा फारसी शब्द. कतारमध्ये मोत्यांच्या गलबताचा प्रमुख ‘नौखदा’, आणि कोकणात तोच ‘नाखवा’. ‘मोसम’ अरबी, पोर्तुगिजांच्या तोंडून फिरून इंग्रजीत तो ‘मान्सून’ झाला, आणि आपण तो परत घेतला. देवाणघेवाण एकतर्फीही नव्हती. रुवैसच्या किनाऱ्याजवळ पूर्वी जी एकाच खोडाची कोरलेली लहान नाव वापरत तिला आखातात ‘हूरी’ म्हणतात. अशा नावा मलबारातून जात, आणि नाव आले ते ‘होडी’पासून, असे कोशकार मानतात. अरबी कावळा, ‘गुराब’, आपल्या आरमारात लढाऊ गलबत झाला, आणि कान्होजी आंग्र्यांच्या गुराबांशी गाठ पडल्यावर इंग्रजीत ‘ग्रॅब’ झाला. आपले ‘गलबत’ इंग्रजी दप्तरांत ‘गॅलिव्हॅट’ म्हणून जागोजागी आहे. ‘फत्तेमारी’ तिथे ‘पॅटिमार’ झाली.

या शब्दांचा पैशाशीही संबंध होता. रुवैस-झुबाऱ्याचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आणि कतारमध्ये भारतीय रुपया चाले. भारताने १९५९ मध्ये आखातासाठी वेगळा रुपया काढला, तो कतारने १९६६ पर्यंत वापरला. मलबारचे सागवान नसते तर आखातात मोठी गलबते बांधणेच कठीण होते. जपानच्या संवर्धित मोत्यांनी १९३० च्या दशकात तो धंदा मोडला. तेल आले, मग रुवैसच्या पूर्वेकडच्या समुद्रात प्रचंड वायुसाठा सापडला आणि किनाऱ्यावरची गावे रिकामी होत गेली. २०१३ मध्ये कतारातल्या खलाशांनी ‘फत्ह अल-खैर’ हे पारंपरिक गलबत दोह्याहून मुंबईपर्यंत आणले, ते या जुन्या वाटेची आठवण म्हणून.

आता आपण मराठीत काय लिहावे? बातमीदार इंग्रजी मजकूर समोर ठेवून ‘धो बोट’ असे लिहितो तेव्हा वाचकाला काहीच दिसत नाही. जात माहीत असेल तर ती लिहावी: बूम, संबूक, वहाण, उरू. माहीत नसेल तर ‘गलबत’ हा शब्द आपल्याकडे आहे, आणि तो आखाती नौकेला चांगला शोभतो. शब्दाचीच चर्चा असेल तिथे ‘डाऊ’. आणि कोशांत ‘डाव’खाली नौकेचा अर्थ पुन्हा यायला हवा, जुना म्हणून खूण करून का होईना, नाहीतर ऑक्सफर्डच्या कोशात मराठीची साक्ष आणि मराठीच्या कोशात मौन, असे होईल.

उगमाचा वाद पुढे न्यायचा तर नवीन तर्कांचा फारसा उपयोग नाही, कागद हवेत. पोर्तुगीज अरबी समुद्रावर ये-जा करणाऱ्या प्रत्येक गलबताला ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घ्यायला लावत, आणि पुढे आंग्र्यांनीही दस्तके दिली. अशा कागदात गलबताची जात, मालक, नाखुदा, निघायचे आणि पोचायचे बंदर लिहिलेले असे. पणजीच्या अभिलेखागारात आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात या व्यवहाराच्या कागदांचे रुमाल, म्हणजे गठ्ठे, आहेत. मोडी आणि जुनी पोर्तुगीज, दोन्ही वाचू शकणाऱ्या एखाद्या तरुण अभ्यासकाने चौल, दाभोळ, राजापूर, वेंगुर्ले या बंदरांच्या नोंदी घेऊन सोळाव्या शतकापासून अठराव्यापर्यंत प्रत्येक गलबतापुढे कोणता शब्द लिहिला आहे तो क्रमाने उतरवला, तर निकितीनचा ‘तावा’ आणि मोल्सवर्थचा ‘डाव’ यांच्यामधली चारशे वर्षे भरून निघायला सुरुवात होईल.